सम्राटचे दोन दात

उचगाव,
सोमवार, २० जानेवारी २०२५

प्रिय आक्का,

नमस्कार. आई-आबा बरे आहेत. थंडीनं आबांचा गुडघा धरलाय, पण तालमीत जायचं काही सोडत नाहीत. म्हैस व्यालीय, रेडी झालीय. खरवस पाठवतेय चिमणाबाईबरोबर, आणि त्याच पिशवीत हे पत्र. वडगावच्या बाजाराला आली की पत्र तुझ्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं तिला जोतिबाची शपथ घालून बजावलंय.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा फोन लागला की मागं कुणाचं तरी खाकरणं ऐकू येतं. व्हॉट्सॲपचं तर बोलूच नको. ‘ओके’ असं उत्तर तू जन्मात दिलं नाहीस, आणि गेल्या महिन्यात ते तीनदा आलं.

काल मिरजेकडच्या मैदानावर गेले होते. राज्य बैलगाडी शर्यत संघटनेची मैदानराणी झाल्यापासून हे माझं नववं मैदान. सगळीकडं तेच. नऊवारी, फेटा, खांद्यावरून पट्टा, घोडीवर बसून झेंडा घेऊन मैदानाला एक फेरी, आणि उदयसिंह निवेदकाचं माईकवरून कौतुक. त्या कौतुकावर माझा काडीचा विश्वास नाही. जो माणूस सरपंचाला वाघ म्हणतो, पडलेल्या गाडीवानालाही वाघ म्हणतो, त्यानं मला वाघीण म्हटलं तर मी काय करू? आणि ती ऐश्वर्या! राणीच्या स्पर्धेत दुसरी आली, तरी दर मैदानाला स्वतःहून हजर असते. न मागता चहा आणून देते. काल घोडीवर चढायच्या आधी बघितलं तर खोगिराचा तंग सैल. मी कुणाचं नाव घेत नाही. पण तंग आपोआप सैल होत नाही, एवढं मला कळतं.

फेरीनंतरचं काम मात्र मला मनापासून आवडतं. जुंपायच्या आधी मैदानराणीनं प्रत्येक खोंडाला गुळाचा खडा भरवायचा. बाकीच्या पोरी तळहातावर गूळ ठेवून हात लांब करतात म्हणे. मी आबांनी शिकवलं तसं तोंडात बोटं घालून भरवते. आदत गट म्हणजे सगळे दुधाच्या दातांवरचे खोंड, त्यांचे दात बोटाला तांदळाच्या कणीसारखे लागतात. पुढचे दोन मोठे दात उतरले की तो दुसा झाला, त्याचा गट वेगळा. आणि ते दात दिसल्यापासून पंधरा दिवसांत मालकानं आपणहून संघटनेला कळवायचं, नाहीतर बंदी. हे मी कुणाला सांगतेय? गोठ्यात तुझा जन्म गेला.

काल दाजींचा सम्राट आला. मला ओळखून त्यानं मान पुढं केली. मी बोटं घातली.

आक्का, माझ्या बोटांना काय लागलं ते तुला माहीत असणार. त्याला रोज पेंड तूच घालतेस.

दाजी कासरा धरून उभे होते. म्हणाले, “काय राणीसरकार, गूळ द्या की. बघत काय बसलाय?” आणि हसले. लग्नाला सहा वर्षं झाली, दाजी माझ्याकडं बघून कधी हसलेले मला आठवत नाहीत. मी गूळ दिला. सम्राट पहिला आला. ढाल माझ्याच हातून दिली गेली, फोटो पेपरात आलाय, बघितला असशील.

आता एक विचारते. राग मानू नकोस, आणि मानलास तरी विचारतेच. राणीचा फॉर्म मला न सांगता तू भरलास. “माझ्या बहिणीगत घोड्यावर जिल्ह्यात कोण बसत न्हाय,” असं चार बायकांत म्हणालीस. तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण काल परत येताना गाडीत दुसराच विचार आला. गूळ भरवणारी बोटं घरचीच असली तर बरं, असं कुणाच्या तरी डोक्यात होतं का? तुझ्या नाही, तर दाजींच्या? आणि त्यांच्या डोक्यात असलं तर तुला माहीत होतं का?

आणि संक्रांतीला हळदीकुंकवाच्या गडबडीत मला न्हाणीकडं ओढून ते जाड पाकीट दिलंस. “तात्यासाहेबांच्याच हातात दे. उघडू नको. घरात बोलू नको.” संघटनेच्या सचिवाला माझ्या बहिणीचं चारी बाजूंनी चिकटवलेलं पाकीट कशाला लागतं? तिळगूळ तर नव्हता त्यात.

पाकिटाची काळजी करू नकोस. ते योग्य जागी आहे.

उत्तर चिमणाबाईकडंच दे.

तुझी,
नंदू

•

उचगाव,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

नमस्कार. माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला तुझ्या दोन ओळी आल्या होत्या. ‘नंदू, पाकीट तात्यासाहेबांना पोचलं का? तेवढंच कळव.’ मी चिमणाबाईजवळ निरोप धाडला, व्हय म्हणून सांग. त्या निरोपाबद्दलच हे पत्र आहे. पण ते एकदम लिहायला हात वळत नाही, म्हणून आधी रविवारचं सांगते. दाजींनी तुला काय सांगितलं असेल त्याचा मला भरवसा नाही.

मैदान जोतिबाच्या पायथ्याला होतं. मी फेरी मारली, खोंडांना गूळ भरवला, सम्राटलाही भरवला. हो, पुन्हा. गाड्या सुटायच्या आधी कुणीतरी समितीकडं तक्रार दिली आणि जनावरांचे डॉक्टर थेट सम्राटपाशी आले. त्यांनी ओठ खाली ओढला मात्र, कडेचे लोक ओरडले, “ह्यो आदत हाय व्हय? दोन दात फावड्यागत हाईत की!”

तात्यासाहेबांनी दाजींना शांतपणे विचारलं, “अमरसिंह, कळवलं का नाही?”

दाजी म्हणाले, “बैल बायकोच्या नावावर हाय. खायला तीच घालतीया. मला काय म्हाईत त्याचं त्वांड?”

आक्का, लोक हसले. दाजींनीही त्या हसण्यात हसून घेतलं. मी घोडीवर होते, मला वरून सगळं दिसत होतं. तेवढ्यात एक म्हातारबा माझ्याकडं बोट करून म्हणाले, “आन् ह्या राणीनं मघाशी गूळ चारला की! तिच्या बोटास्नी दात लागलं न्हाईत व्हय?” मग कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. जशी मी जगाकडं बघते, अगदी तशाच नजरेनं.

तात्यासाहेबांनी सांगितलं, शनिवारी अकराला मालकिणीनं कार्यालयात यावं. मुदतीत कळवल्याचा पुरावा असला तर प्रश्न मिटला. नसला तर तीन वर्षं बंदी, आणि फसवणूक केली म्हणून नाव फलकावर. नाव तुझं लागणार. दाजींचं नाही.

तक्रार ऐश्वर्यानंच केली, अशी माझी खात्री होती. तिला गाठून तोंडावर विचारलं. ती म्हणाली, “म्या न्हाई केली. पर तू का न्हाईस केलीस?” आणि जाता जाता वर म्हणाली, “तंग आवळून घे. दर बारीला सैल सोडतीस, दोनदा तर म्याच आवळलाय.”

सोमवारी सकाळी गोठ्यात बसून तुझं पाकीट फोडलं.

हो. ते माझ्याच पेटीत होतं, फेट्याच्या खाली. मी ते तात्यासाहेबांना दिलंच नाही. मिरजेच्या मैदानावर ते समोर होते, पाकीट माझ्या पिशवीत होतं, आणि तासाभरापूर्वीच माझ्या बोटांना ते दात लागले होते. मी हिशोब जुळवला. बैलाचे दात उतरलेत, बहीण सचिवाला जाड पाकीट देतेय, म्हणजे तोंड बंद ठेवायचे पैसे. चाचपून बघितलं तर आत काहीतरी ताठ होतं. कोऱ्या नोटा, दुसरं काय? तुला पापातून वाचवतेय असं स्वतःला सांगत मी पाकीट परत आणलं. आणि तुला खोटंच ‘व्हय’ म्हणून कळवलं, कारण खरं कळवलं असतं तर तू आणखी पैसे धाडशील असं वाटलं. माझं डोकं कसं चालतं ते तुला ठाऊक आहे. लहानपणी तू मला मोठी चिक्की दिलीस की मी आधी तिचा वास घ्यायचे.

आत बैलाचं ओळखपत्र निघालं. जाड प्लास्टिकचं. आणि तुझ्या अक्षरात एक कागद.

तो किती वेळा वाचला ते सांगत नाही. सम्राटचे दोन दात ११ जानेवारीला दिसले, मालकीण म्हणून मुदतीत कळवते, ओळखपत्र बदलून मिळावं. यजमान हा हंगाम आदतमध्येच पळवायचं म्हणतात, माझं ऐकत नाहीत, त्यामुळे पुढच्या मैदानावर आपणच तपासणी काढावी आणि मी कळवल्याचं घरी समजू देऊ नये. आणि खाली, ‘माझी बहीण मैदानराणी आहे. तिला यातलं काहीही माहीत नाही. तिच्या नावाला बोल लागू नये, एवढ्यासाठी आधीच कळवत आहे.’

ते वाक्य तू लिहिलंस तेव्हा खरं होतं. पाच दिवसांत मी ते खोटं केलं.

तपासणी झाली नाही तेव्हा तुला काय वाटलं असेल? तात्यासाहेबही दाजींच्या खिशात आहेत असंच ना? तू एवढं धाडस करून लिहिलंस, आणि पलीकडून कुणी ब्र काढला नाही. ते कुणी म्हणजे मी होते. आणि तुला वाचवायला गप्प बसले हेही पूर्ण खरं नाही. मिरजेला सम्राटच्या तोंडातून बोटं काढली तेव्हा पहिला विचार तुझा नव्हता. घरचाच बैल लबाडीचा निघाला तर माझा पट्टा जाईल, हा होता. तुझ्यावरचा संशय त्यानंतर आला, आणि आला तो मला फार सोयीचा पडला. तुला वाईट ठरवलं की माझ्या गप्प बसण्याला नाव देता येत होतं.

शनिवारी मी कार्यालयात जाणार आहे. क्रांती अमरसिंह या मालकिणीनं १४ जानेवारीला मुदतीत लेखी कळवलं, तो कागद माझ्याकडं दिला, मी तो दाबून ठेवला, आणि दात लागलेले असतानाही दोन मैदानांवर बैलाला गूळ भरवला, हे सगळं तिथं सांगणार. पट्टा धुऊन इस्त्री करून ठेवलाय, तो तिथंच ठेवून येईन.

पण नुसत्या माझ्या तोंडच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील का? राणी बहिणीला वाचवायला कहाण्या रचतेय असंच म्हणतील. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. तुझा कागद दाखवला तर तू सुटशील, पण मग दाजींबद्दल लिहिलेलं दाजीही वाचतील. म्हणून कागद आणि ओळखपत्र या पत्राबरोबर तुलाच परत धाडतेय. आणायचं की चुलीत घालायचं, ते तू बघ. दाजींनी भर मैदानात तुझं नाव कसं पुढं केलं ते मी वर लिहिलंय, त्यात माझं एक अक्षरही पदरचं नाही. कुणालाही विचार. एकदा मी तुझ्या वतीनं ठरवलं, त्याचं काय झालं ते आपण बघतोयच.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तरी आज तिनं माळ्यावरची तुझी गादी काढून उन्हात टाकलीय. विचारलं तर म्हणाली, “असू दे. दमट झालीया.”

आक्का, मला माफ करू नकोस लगेच. माफ केलंस तर मी त्यातही काहीतरी शोधत बसेन. शनिवारी दहापासून मी कार्यालयाच्या पायरीवर आहे, तू आलीस तरी, नाही आलीस तरी.

तुझ्या कागदात अजून निर्दोष असलेली,
नंदू