फळ्यावरचं सातवं नाव

ता. ५ मार्च

चि. धाकटीस, प्रभूच्या नावे सलाम व अनेक आशीर्वाद वि. वि.

रागात लिहिते आहे, अक्षर लावून घे. काल प्रार्थना-संगतीला गेले. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं आमच्याकडे फळ्यावर लिहितात. सहा नेहमीची: कोणाचा गुडघा, कोणाचा जावई. सातवं नाव माझं. पुढे कारण काय, तर 'आनंद मिळावा म्हणून'.

मला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शिव्या खाऊन गोड बोलले ती मी. कॉन्व्हेंटात सदा हसतमुख म्हणून सिस्टरनी मला फीत दिली होती. ती मिळवायला मी दोन मुलींना चिमटे काढले, हा भाग वेगळा. आणि संगतीतले दातांचे डॉक्टर, जे स्वतः अंत्ययात्रेला आल्यासारखे बसतात, ते डोळे मिटून माझ्या आनंदासाठी प्रार्थना करायला लागले. मी पर्स उचलली आणि 'आमेन'च्या आधी बाहेर पडले.

पाळकांना फोन करून नाव पुसायला सांगितलं. माणूस इतका मऊ की लोणी कडक वाटावं, पण नियमाला घट्ट. म्हणाले, ज्याच्यासाठीची प्रार्थना ऐकली गेली त्याने उभं राहून साक्ष द्यायची, मगच नाव पुसतात. म्हणजे आता मी आनंदी असल्याचं सभेत सिद्ध करायचं. मी म्हटलं, मग मी येतच नाही. नाव कोणी दिलं तेही सांगेनात. मला बुटांच्या दुकानवालीचा संशय आहे.

गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच, राग उतरेपर्यंत मागू नकोस.

तुझी ताई

ता. २० मार्च

ती. ताईस, सादर सलाम वि. वि.

दुकानवालीला काही बोलू नकोस. नाव मी दिलं.

तू निवृत्त झाल्यापासूनची अठरा पत्रं मी एकदा ओळीने वाचली. अठराही पत्रांत कोणाची ना कोणाची हजेरी घेतलेली: पोस्टमन, शेजारणीचं मांजर, हवामान खातं. हसलीस असं एकदाही लिहिलं नाहीस. एक्स्चेंजमधल्या गमती सांगून मला उचकी लागेपर्यंत हसवायचीस ती तू. मी इतक्या लांबून काय करणार? म्हणून तिथल्या माणसांना सांगितलं.

पाळकांनी कळवलं की दोन बुधवार तू फिरकली नाहीस. घरात तुला रेडिओ तेवढा, आणि त्याच्याशीही तू वाद घालतेस. माझ्यावर हवं तितकं रागव, पण ही माणसं सोडू नकोस. मग तुला कोणीच उरणार नाही, ही मला खरी भीती आहे.

लोभ असेल तर वाढव, आटला असेल तर नवा लाव.

तुझी धाकटी

ता. २ एप्रिल

चि. घरभेदी बहिणीस, सलाम. आशीर्वाद या वेळी मोजकेच.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग आठवलं, हवामान खात्याला मी खरंच दीड पान दिलं होतं.

काल गेले. नाव पुसून घ्यायला, दुसऱ्या कशाला नाही. उभी राहून साक्ष दिली की मी अत्यंत आनंदी बाई आहे. पुरावा म्हणून सांगितलं की पियानो बेसूर, खुर्च्या करकरतात, चहा म्हणजे गरम पाण्याला दाखवलेला धाक, डॉक्टरांची प्रार्थना ऐकून देवालाही जांभई यावी. आणि एवढं सोसून मी आनंदी आहे, तर माझा आनंद किती पक्का असेल. दहा मिनिटं बोलले. आवाज असा चढला की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

आधी दुकानवाली फिसकन हसली. मग पियानोवाले मास्तर. डॉक्टर इतके हसले की मी पहिल्यांदाच त्यांचे दात पाहिले. चांगले नाहीत. यात हसण्यासारखं काय, असं दरडावून विचारायला गेले आणि मलाच हसू फुटलं. धाकटे, खुर्ची धरून हसले. त्याचं रडू कधी झालं कळलं नाही.

दुकानवालीने माझा हात धरला. म्हणाली, तीन बुधवार कोणी दटावलं नाही, गाणी फार वाईट झाली. मी तिला सांगितलं की सकाळी उठून आता कोणाला हॅलो म्हणायचं हे मला समजत नाही. इतकं स्पष्ट मी देवालाही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, तिला म्हणायचं, दुकान नऊला उघडतं. आज सकाळी केला फोन. अर्धा तास बोललो, त्यात पंचवीस मिनिटं तुझ्याबद्दल वाईट.

साक्ष झाली म्हणून पाळकांनी फडकं उचललं. मी म्हटलं, थांबा. दर बुधवारी चौदा माणसं डोळे मिटून माझं नाव घेतात. असलं सुख कोणी पुसून टाकतं का? राहू द्या. फक्त अक्षर सुधारा, कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसतं.

त्यांनी पुन्हा लिहिलं. आणखी वाईट.

लोभ आहे, आता माग.

तुझी ताई, जिचा अर्ज अजून चालू आहे