चालून पाहिलेली वाट

३ एप्रिल, सोमवार

नावं आली. अकरा. आणि सातव्या ओळीवर सासूबाई!

तीनदा वाचलं. पत्ता आमचा, फोन नंबर त्यांचा. वय सहासष्ट. ‘गुडघ्यांचा काही त्रास?’ या रकान्यात लिहिलंय — ‘अजून स्वतःचेच आहेत.’ हे असलं त्याच लिहू शकतात.

कॅप्टन हसत हसत माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “तुझ्या घरातूनच गिऱ्हाईक! सुनेला इतक्यात कळू देऊ नका म्हणत होत्या, पण माझ्या पोटात राहतंय होय?” मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

कारण ती वाट मी चाललेलीच नाही.

लिहिलं एकदाचं. सहा महिने या वहीतही लिहायची हिंमत झाली नव्हती.

४ एप्रिल

काल पेन धरवत नव्हतं. आज नीट लिहिते, म्हणजे निदान कुठेतरी खरं असेल.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. कॅप्टन मालकीण. तरुणपणी हॉकी खेळायच्या, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. लोक परदेशात जातात, इमारतींसमोर फोटो काढतात, येतात. आमच्याकडे येतात ते जरा वाकड्या वाटेचे. मालवाहू बोटीवर अकरा दिवस. मिठाच्या बंद पडलेल्या खाणीत चार दिवस मुक्काम. आणि ही समुद्रातली चाल — ओहोटीला पाणी मैलोन्‌मैल मागे जातं, तळ उघडा पडतो, आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत नऊ किलोमीटर चक्क चालत जायचं. साडेतीन तासांत. मग पाणी परत येतं, ते कोणासाठी थांबत नाही. हे सगळं आखायचं काम माझं. मी — जी लिफ्टमध्ये दर मजल्याला श्वास रोखून धरते!

कॅप्टनचा एकच नियम. जो आखेल त्याने आधी स्वतः चालून यायचं. आल्यावर एक कागद लिहायचा, स्वतःच्या हाताने, कॉम्प्युटरवर नाही. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुठे पाणी किती. शेवटची ओळ ठरलेली — ‘मी स्वतः चालून पाहिले आहे.’ खाली सही. कागद नाही तर सहल नाही. त्याचीच प्रत प्रत्येक गिऱ्हाइकाला.

ऑक्टोबरमध्ये गेले होते. एकटी. तिथला वाटाड्या ताडमाड उंच, हातात त्याच्याहून उंच काठी, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. पहिले तीन किलोमीटर ठीक. चिखल, शिंपले, गार वारा. मग तो ओढा. सगळा समुद्र मागे गेला तरी तिथे पाणी वाहतच असतं. वाटाड्या उतरला, मागोमाग मी. गुडघे. मांड्या. कंबर. पायाखालची वाळू सरकली असं आपण उगाच म्हणतो. तिथे ती खरंच सरकते, टाचेखालून, एकेक मूठ. ओरडायला तोंड उघडलं, आवाजच नाही. त्याने हातानेच विचारलं, पुढे की मागे? मी मागे बोट दाखवलं. मागे आलो.

नंतर दोन दिवस लॉजच्या खोलीत बसून होते. पुढची वाट वाटाड्याने पेन्सिलीने काढून दाखवली, तीच मी कागदावर उतरवली. ओढा — ‘पाणी गुडघ्यापर्यंत’. कमरेपर्यंत लिहिलं असतं तर कॅप्टननी विचारलं असतं, पोहता न येणारी तू पार कशी झालीस? म्हणून गुडघा. आणि खाली, कोणी विचारलं नसताना, ‘साठीच्या माणसांनाही सहज झेपेल.’ ते कशाला लिहिलं देव जाणे. बहुतेक खोटं भरीव दिसावं म्हणून.

आणि सही. चांगली ठसठशीत.

९ एप्रिल, रविवार

आईंनी आज जेवताना जाहीर केलं. सासूबाईंना मी आईच म्हणते. “मे महिन्यात आम्ही समुद्र चालायला जाणार. मी आणि सिस्टर.” सिस्टर म्हणजे त्यांची मैत्रीण, हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झालेली. यादीत आठव्या ओळीवर तीच. माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. “आई, या वयात?” तर म्हणाल्या, “वयाचं काय घेऊन बसलायस? माझ्या सुनेने लिहिलंय, साठीलाही झेपतं. वाच!” आणि कागद घेऊन आल्या. प्लॅस्टिकमध्ये घालून आणलाय! कपाटाच्या दारावर चिकटवायला.

बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. त्यांचा आवाज अजून ‘पुढे सरका’वाला. लग्नानंतर पाच वर्षं मी त्यांच्या लेखी भागूबाई. “आमची भागूबाई झुरळाला बघून टेबलावर चढते,” हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालेलं. ऑक्टोबरपासून एकदाही नाही. आता काय तर — “आमची सून समुद्र चालून आली.” दूधवाल्याला सांगतात. बँकेतल्या मुलीला सांगतात. मागे मला ताप आला तर डोकं चेपत बसल्या होत्या.

ते सगळं त्या एका सहीवर उभं आहे. आणि त्या सहीवर विसंबून त्या आता पाण्यात उतरणार.

१२ एप्रिल

आई बादलीत बर्फ टाकून पाय बुडवून बसतात. “सवय नको व्हायला?” किती वेळ तर टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत. मी पाय पुसून दिले. गारठून निळे पडले होते. पुसताना सांगणार होते.

१५ एप्रिल

नाही सांगितलं.

२२ एप्रिल

आज न राहवून वाटाड्याला मेसेज केला. सरळ विचारलं, ओढ्याला किती पाणी असतं? उत्तर दुपारी आलं. ओढा दर हिवाळ्यात जागा बदलतो, यंदा अलीकडे सरकलाय आणि खोल झालाय. तुमच्याएवढ्या बाईला कंबर, वर वारा असेल तर छाती. एका वेळी सहाच माणसं नेतो, साठीवरची नेतच नाही, हे तुम्हाला सांगितलं होतं.

सांगितलं होतं! हो, सांगितलं असेल. त्या दोन दिवसांत मी काय ऐकलं आणि काय नाही, मलाच आठवत नाही.

खाली अजून एक ओळ होती. काठीवाल्याशिवाय कोणी गेलं तर पुढच्या वाळूत दिशा कळत नाही, आणि तोवर भरती मागून आलेली असते.

मागून.  जेवले नाही. आई म्हणाल्या, “काय गं, तोंड का उतरलंय? मी परत येणारेय, काळजी नको!” आणि खो खो हसल्या.

२९ एप्रिल

अकरा माणसं. पाच साठीवरची. त्यांत एक जोडपं लग्नाची चाळीस वर्षं साजरी करायला चाललंय. त्या बाईंचा आज फोन — “तुम्ही स्वतः चाललात ना, मग आम्हाला कसली भीती!” मी म्हटलं, कसली नाही. 

२ मे, मंगळवार

कॅप्टनना सांगितलं.

दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, बसले असते तर निघून गेले असते. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “घाबरलीस याचा राग नाही मला. मीसुद्धा त्या खाणीतून दोनदा अर्ध्यावरून वर आलेय. पण सही? सही कशी केलीस?”

 रडले. त्यांनी रडू दिलं, रुमालबिमाल काही दिला नाही.

सहल रद्द. नोकरीचं नंतर बघू म्हणाल्या, आधी माणसं. पण गिऱ्हाइकांना सांगणार — वाटाड्या आजारी आहे. “खरं सांगितलं तर आपल्या एकाही कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही. वीस वर्षं घातलीत मी यात.” दारापर्यंत आले तर मागून म्हणाल्या, “तुझ्या सासूबाईंना मात्र खरं सांग. घरातल्या माणसाला वाटाड्याची थाप मी नाही मारणार. तिथे तूच बोल.”

हो म्हटलं.

३ मे

दिवसभर फोन. “वाटाड्या आजारी, माफ करा.” दहा जणांशी बोलले. चाळीस वर्षंवाल्या बाई रडल्या. रडा, म्हटलं मनात, खुशाल रडा, पण जिवंत राहा.

घरी आईंना सांगायची पाळी आली. तोंड उघडलं आणि बाहेर आलं — “आई, वाटाड्या आजारी आहे.”

फुरंगटल्या. “एका माणसाला ताप आला तर समुद्र बंद? आमच्या डेपोत असं चाललं असतं का?” तिकिटं आणि व्हिसा आपले आपणच काढायचे असतात, तेव्हा ते त्यांच्याच हातात. चिडून ड्रॉवरमध्ये टाकले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

आता सांगायचं कशाला? कोणी जातच नाहीये. असं स्वतःला समजावतेय. खरी गोष्ट ही, की मला परत भागूबाई व्हायचं नाही. बस. एवढंच आहे ते. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१० मे

आई आठ दिवस नणंदेकडे गेल्या. मोठी बॅग घेऊन! “तिच्याकडे कपडे धुवायचं मशीन बिघडलंय.” जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. कधी नव्हे ते.

कॅप्टन अजून बोलत नाहीत. कामापुरतं. त्यांनी विचारलं, “घरी सांगितलंस?” मी मान हलवली. ती हो होती की नाही, माझं मलाच ठाऊक नाही.

१३ मे, शनिवार

परवा नणंदेला फोन केला — आई आंघोळीला गेल्यात. काल केला — झोपल्यात. आज दुपारी केला — आंघोळीला गेल्यात. दुपारी तीनला! जन्मात कधी पहाटेनंतर आंघोळ केली नाही त्या बाईने. म्हटलं, वन्सं, खरं बोला. तर रडायलाच लागली. “वहिनी, आई म्हणाली तुला सांगायचं नाही. बेटावरून फोटो पाठवणार होती.”

पळत त्यांच्या खोलीत गेले. ड्रॉवर रिकामा. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे चार तुकडे, मधला कागद नाही.

सिस्टरचाही फोन बंद. वाटाड्याला केला, तर सहल रद्द झाली म्हणून तो दुसऱ्या कामावर गेलाय, सहा तासांच्या अंतरावर. म्हणाला, उद्या सकाळची ओहोटी मोठी आहे, त्यांना थांबवा. कसं थांबवू? लॉजवाला फोन उचलत नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी म्हणाला, “अगं, एवढी काय घाबरतेस, तू चाललीयस ना ती वाट?” मग सगळं सांगितलं. उठून तिथल्या बचावाच्या बोटवाल्यांचा नंबर शोधायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१४ मे, सकाळ

फोन चालू आहे, स्पीकरवर. हा दुसऱ्या फोनवर तिथल्या बचावाच्या बोटवाल्यांशी बोलतोय. त्या मागे फिरून चालतायत तोवर मी लिहितेय, नाहीतर किंचाळेन.

आईंनीच केला फोन. वारा, पाणी, मध्येच सिस्टरचं रडणं. “अगं सूनबाई, गुडघ्यापर्यंत लिहिलायस हा ओढा, माझ्या तर कमरेच्या वर आलाय. आता सरळ की डावीकडे?”

म्हटलं, आई, पुढे जाऊ नका. मी पुढे गेलेच नव्हते. तिथूनच घाबरून मागे फिरले. कागद खोटा आहे.

पलीकडे आधी सिस्टरला म्हणाल्या, “माझा हात सोडू नकोस.” 

मग बसमध्ये बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, “म्हणजे इथवर आली होतीस ना? मग परत कशी गेलीस, तेवढं खरं सांग.”