एकोणीस खिशांचं जाकीट

सोलापूर, रविवार दुपार

ती. दिपकदादास सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा आणि वहिनींची साखर दोन्ही ताब्यात आहेत असं धरून चालते, कारण फोनवर तू दोन्हींबद्दल खोटंच सांगतोस. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे तुझे दाजी फारच बरे आहेत.

यशपालने बाबांना कॅनडात मासे धरायला बोलावलंय, हे दाजींनी तुला तीनदा तरी सांगितलं असेल. तीन आठवड्यांचा मुक्काम, त्यात आठवडाभर बापलेक नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहणार. (इथे हे ओल्या फरशीवर पाय ठेवत नाहीत.) "आई, तू कंटाळशील गं, त्यापेक्षा बाबांचं जाकीट तेवढं निवडून दे," असं लेक म्हणाला. जाकीट म्हणजे बिनबाह्यांचं, पुढेमागे खिसेच खिसे. मी बारा खिशांचं पसंत केलं, तर हे म्हणाले, "एवढेच?" शेवटी एकोणीस खिशांचं मागवलं, ते पोटावर बसेना. मग सात रस्त्याजवळ संगप्पा टेलरकडे बाजू सैल करायला नेलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं. "एवढं खिसं? सायेब कंडक्टर झाले की काय, काकू?" यांनी छाती काढून सांगितलं, मासे धरायला चाललोय. "मग मासं खिशात भरून आणनार व्हय?" मी हसले. त्यावरून दोन दिवस अबोला.

खिसे लावणं अर्थात माझ्याकडे. होस्टेलात सिस्टरनी धोब्यासाठी कपड्यांवर लाल दोऱ्याने नंबर घालायला शिकवलं होतं, तसे प्रत्येक खिशावर घातले आणि यादी लिहून दिली. चारात कात्री, सातात दोरा, नवात खोट्या माश्यांची डबी (गळाला पिसं गुंडाळून माशीचं रूप देतात, आणि मासा फसतो). परवा पाहते तर डबीत शेंगाचटणी, चारात कंगवा. छातीवर ओल्या माश्या टोचून वाळवायला लोकरीचा तुकडा आहे, त्याला हे चष्मा पुसतात. रोज सकाळी हॉलमध्ये तालीम असते. मी "सात!" म्हणते, हे पित्ताची गोळी काढतात.

मला वाईट वाटत नाही. एवढंच, की कुर्डुवाडीहून बाबांच्या सायकलवर सीना नदीला कोण जायचं रे? तू गांडुळं बघून काठावर रडायचास, आणि गळ मी टाकायचे. मरळ लागली की दोरी कशी थरथरते, ते या बोटाला अजून आठवतं. बाबा म्हणायचे, "पोरगी थांबून राहती. मासा थांबणाऱ्याचाच." थांबले की मग. सासरी कुणी हातात गळ दिला नाही, आणि यशपालला डबे, दप्तरं, स्वेटर सगळं देताना हे तेवढं सांगायचं राहिलं. त्याच्या लेखी आई म्हणजे खिसे लावणारी.

असो. मला तिथली थंडी सोसायची नाही, विमानात पाय सुजतात, आणि तीन आठवडे घर एकटीला मिळणार म्हणजे चैनच आहे. वहिनींना जय भीम सांग.

तुझी धाकटी,
बुद्धप्रिया

ता. क. यशपाल दर रविवारी संध्याकाळी मामाला फोन करतो ना? बोलता बोलता, आपलं सहज, आई लहानपणी गळ टाकायची एवढं त्याच्या कानावर घाल. मी लिहिलंय म्हणू नकोस. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

पुन्हा ता. क. तो हसला, तर मला कळवू नकोस.