जीप गार कर

बाबा, तू होतास तेव्हा मी तुला अहोजाहो करायचे. आई करायची, तुझ्या गाडीत बसणारी माणसं करायची, आसनगाव स्टेशनबाहेर नंबर लावून उभे राहणारे दांडगे ड्रायव्हरसुद्धा करायचे. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, तर आता मी अरेतुरेच करणार. काय करशील? ज्या जीपच्या काचेवर तू मोठ्या हौसेनं 'आईचा आशीर्वाद' रंगवून घेतलं होतंस, त्या तुझ्या जीपला मी या उन्हाळ्यात एसी बसवला. हस, खुशाल हस. सगळं मुरबाड हसलं. शेजारची काकू तर फाटकातूनच ओरडली, "म्हातारीला लिपस्टिक लावलीस की गो!" पण मी एसीचं कौतुक सांगायला लिहीत नाही. एक गोष्ट पोटात आहे, ती जिवंत माणसाला सांगता येत नाही, आणि ती तुझ्या जीपची आहे.

आधी तुझा शब्द. गार. जेवायला उशीर झाला, "गार करीन." सदऱ्याचं बटण तुटलं, "एका फटक्यात गार करीन." आणि नुसतं बोलून थांबणारा तू नव्हतास. चुलीतलं लाकूड, तांब्या, पान्हा, हाताला लागेल ते. आईच्या उजव्या हाताचं एक बोट तू दारात चेमटवलंस ते अजून सरळ होत नाही, भाकरी थापताना ते एकटं वाकडं राहतं. तेव्हापासून आई गार हा शब्दच बोलत नाही. माठातलं पाणी तिला थंड लागतं, पहाटेचा वारा थंड, शिळी भाकरीसुद्धा थंडच. हे रोज माझ्या कानावर पडत होतं, आणि तरी मी बहिरी ती बहिरीच राहिले.

शहापूरहून येताना किन्हवलीच्या आधी लागणारी ती चढण तुला आठवते? तुला कशाला आठवेल! मे महिना आहे, मी अजून शाळेतसुद्धा जात नाही, आईच्या मांडीवर मागच्या बाकड्यावर बसलेय. गाडी खचाखच भरलीय. मला उलट्या होतायत, ओठ सुकलेत, आणि आईजवळचं पाणी संपलंय. ती तुझ्या सीटमागचा डबा उघडते, रेडिएटरसाठी भरून ठेवलेला, आणि मला पाजते. माझं डोकं भिजवते. उरलेलं शेजारच्या बाईच्या पोराला देते. चढणीवर इंजिन उकळलं, बॉनेटमधून वाफ निघाली, तू डबा उचललास तर तो रिकामा. तू काही विचारलं नाहीस. माझे ओले केस बघितलेस. मग सीटमागं टांगलेला फॅनचा जादा पट्टा काढलास आणि आईला केसाला धरून खाली ओढलंस.

भर रस्त्यात मारलंस. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. धुणं आपटल्यासारखा आवाज येत होता. गाडीभर माणसं होती, चांगले धट्टेकट्टे बाप्ये होते, सगळे पलीकडच्या शेताकडं बघत होते. एक म्हातारी तेवढी बोलली, "अरे, माणूस हाय रे ती!" तर तू म्हणालास, "तुमी गप बसा आजी, नायतर उतरा." आई किंचाळली तेव्हा तू तिच्यावर वाकलास आणि हळूच म्हणालास, "काढ आवाज. काढ आता. इथंच गार करीन." ती गप झाली. कुणीतरी विहिरीवरनं पाणी आणलं, इंजिन निवलं, आणि तू तिला तिथंच टाकून गाडी काढलीस. ती संध्याकाळी चालत घरी आली, अनवाणी. तळव्यांची साल निघाली होती, कितीतरी दिवस ती गुडघ्यांवर रांगत चुलीपाशी जायची.

आणि मला तू कुठं बसवलंस? पुढं, तुझ्या मांडीवर. "धर स्टेरिंग. रडायचं नाय." माझ्या हातांवर तुझे हात होते, आणि सरळगावच्या सपाट रस्त्याला तू ते काढून घेतलेस. जीप मी चालवली. बाबा, मला मजा वाटली रे. शेतं मागं पळत होती, इंजिनाची थरथर माझ्या पोटात येत होती, आणि मी हसत होते. तू माझ्यावर जन्मात हात उचलला नाहीस. दहावी झाले तेव्हा चावी माझ्या हातात ठेवलीस, पोरीला कुणी गाडी देतं का असं चारचौघं म्हणाले तर त्यांच्या अंगावर गेलास. क्लचवर पाय ठेवून बसले की तेवढं ओरडायचास, "पाय काढ, तो काय पाट हाय?" तुला शिव्या द्यायला मी तोंड उघडते आणि मध्येच तो सपाट रस्ता येतो. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तू कसाऱ्याला, घाटाखालच्या टपरीवर, चहाचा ग्लास हातात असताना गेलास. बसल्या जागी, काही न दुखता. इतकं सोपं मरण तुला कुणी दिलं कुणास ठाऊक. जीप घरी आणली, पडवीशेजारच्या मांडवाखाली उभी केली. मला भातसानगरला धरणाच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्नाचं मी मनावर घेतलं नाही, नवरा या प्राण्याचा नमुना घरात बघितला होता. आईला सांभाळलं, आणि दर रविवारी सकाळी जीप सुरू करत राहिले. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचे. इंजिन धडधडलं की आई उठून आत जायची आणि भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच. मला वाटायचं, तिला कामाची खोड आहे.

यंदा ऊन असं काही पेटलं की आई अंगणात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, गारव्यात ठेवा. घरी आल्यावर मी कूलरचं बोलायला लागले तर तिनं मांडवाकडं बोट दाखवलं. "आधी ती जीप गार कर. मंग मी मरायला मोकळी." बाबा, मला इतका आनंद झाला! इतक्या वर्षांत तिनं जीपचं नाव घेतलं नव्हतं. मला वाटलं, तिला जीपमध्ये बसायचंय, गारेगार हवेत बसून फिरायचंय. मला वाटलं, तिनं तुला माफ केलं. शिकलेली, नोकरी करणारी, आणि एवढी ठोंबी.

शहापूरला हायवेलगत एक गॅरेज आहे, तिथला मेस्त्री जीप बघून कपाळाला हात लावून बसला. "ताई, ही चालती भट्टी हाय. हिच्यात एसी?" पण त्यालाही चेव चढला. कापडी हूड काढून पत्र्याचं टप बसवलं, दरवाज्यांना काचा केल्या, भंगारातल्या एका छोट्या गाडीचा कंप्रेसर आणला. डॅशबोर्ड कापायची वेळ आली तेव्हा ग्राइंडर मी त्याच्या हातातून घेतला. तुझा डॅशबोर्ड, ज्याला तू सकाळ-संध्याकाळ फडकं मारायचास. ठिणग्या माझ्या ओढणीवर उडत होत्या आणि मी कापत होते. वाकडा पत्रा निघेना तर हातोडा घेतला, असा हाणला, असा हाणला की माझ्याच नखातून रक्त आलं. "डॅशबोर्ड हाय ताई, सासू नाय," मेस्त्री म्हणाला. मग त्यानं मला नीट बजावलं. कंप्रेसर फिरवायचा तो इंजिनानंच, आणि एसीची जाळी रेडिएटरच्या तोंडासमोर बसते, वारा अडतो. जुनं इंजिन दोन्ही ओझी ओढणार नाही. चढणीला एसी बंद करायचा. काटा लाल पट्ट्यात गेला आणि तरी रेटलं, तर इंजिन जाम, कायमचं.

कंप्रेसरचा एक जादा पट्टा मी घरी आणून पडवीत खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी घरभर रबर जळल्याचा घाण वास. बघते तर आईनं पट्टा चुलीत घातलाय आणि काठीनं आत ढकलतेय. मी तिच्यावर वस्सकन ओरडले, "अक्कल चरायला गेली का तुझी?" तिनं वरही बघितलं नाही. "धूर लय हाय," म्हणाली, "तू भायेर जा." मला वाटलं, वय झालं.

तिचे डोळे तपासायचे होते म्हणून शहापूरला निघालो. ती पदर घट्ट लपेटून पुढच्या सीटवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा. काचा बंद केल्या, एसी सोडला. "कशी वाटते हवा?" मी फुशारकीनं विचारलं. "थंड हाय," ती म्हणाली. थंड. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. येताना दुपार झाली. किन्हवलीच्या आधीची चढण आली आणि काटा भराभर चढायला लागला. मी एसीच्या बटणाकडं हात नेला तर तिनं माझं मनगट पकडलं. ते वाकडं बोट माझ्या शिरेत रुतलं.

"राहू दे."

"आई, इंजिन जाईल."

"जाऊ दे ना. तुला गार कर म्हटलं, तर तू हवा लावत बसलीस गो. मी हवा मागितली व्हती काय?"

काटा लाल पट्ट्याला लागला. "दर रविवारी हिचा आवाज येतो," ती म्हणाली, "नि मना वाटतं तो फाटकात आला. अजून मुतायला होतं मना, ह्या वयात. दाब पाय."

मी पाय दाबला. काटा लाल पट्टा ओलांडून कडेला टेकला. बॉनेटच्या फटींतून वाफ सुटली, जळक्या तेलाचा वास आला, इंजिन आतून ठोके द्यायला लागलं, आणि आमच्या तोंडावर ती हवा येतच होती. आईनं पायातली चप्पल काढली. डॅशबोर्डवर हाणायला लागली. "काढ आवाज! काढ आता! मर भाड्या, मर, मर, मर." तिच्या तोंडातून मी अशी शिवी कधी ऐकली नव्हती. तिचा पदर पडला होता, थुंकी काचेवर उडत होती. जीप धक्के खात खात बंद पडली. मी हँडब्रेक ओढला.

"गेली?"

"गेली."

"गार झाली?"

"झाली, आई."

ती उतरली, पाण्याची बाटली घेतली, चूळ भरली आणि बॉनेटवर टाकली. चर्र आवाज झाला. मग पळसाच्या सावलीत पाय पसरून बसली आणि उरलेलं सगळं पाणी एकटीनं प्यायली. मला विचारलंसुद्धा नाही. मला ते इतकं आवडलं की मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ढसाढसा रडले.

ट्रॅक्टरला बांधून जीप घरी आणली, मांडवाखाली ढकलली. आता रविवारी सकाळी आई पडवीत केस विंचरत बसते. रविवारच्या सकाळी तिला बाहेर बसलेली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. काकूशी गप्पा मारते, कोंबड्यांना शिव्या घालते. रोज एकच विचारते, भंगारवाला कधी येतोय.

आता ती गोष्ट. तिनं माझं डावं मनगट धरलं होतं. उजवा हात मोकळा होता. इंजिन बंद करायचा खटका स्टेरिंगच्या खाली उजवीकडं असतो, न बघता कसा ओढायचा ते तूच शिकवलं होतंस. इंजिन जाम व्हायच्या आधी मी तो ओढला. आई चपलेनं हाणत होती, तिला दिसलं नाही. परवा ती शेजारच्या हळदीला गेली तेव्हा मी पाणी भरलं, तेल भरलं आणि चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात उठली बाबा, तशीच, तोच आवाज. मी डोळे मिटून ऐकत बसले, क्लचवरचा पाय काढून. मग भानावर आले आणि बंद केली. आई लवकर परतली. जाता जाता तिनं बॉनेटवर तळवा टेकला आणि तिथंच थांबली.

"तापलीय ही."

"ऊन बघ ना किती, आई."

मांडवावर पाला दाट आहे, खाली उन्हाचा ठिपकासुद्धा नव्हता. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि तळवा पदराला पुसत आत गेली. थोड्या वेळानं आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला.

हे तुला पाठवायचं कुठं, आणि कशाला? वाचून तुला बरं वाटेल, आणि तुला बरं वाटावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. हे कागद चुलीत जातील, त्या पट्ट्यासारखे. मघाशी आई दारात येऊन विचारून गेली, भंगारवाल्याला फोन लागला का. म्हटलं, लागला, येतो म्हणालाय.

मी फोन केलेलाच नाही.