सहावा रविवार

स्कार्ड, झावळ्यांचा रविवार
१६ एप्रिल १९०५

चि. हाल्ला हिस,
थोर्दिसचा सप्रेम सलाम व अ. आ., वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून फुरंगटू नकोस. मला लिहायचा कंटाळा हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. अक्षरही बाबांनी शिकवलं तेवढंच, त्यात पुढे भर पडली नाही. इकडे सगळे धड आहेत. गोठ्यातलं गवत तळाला लागलंय. मेंढ्या व्यायच्या आत हिरवं उगवलं तर ठीक, नाहीतर आम्हीच चरायला जाऊ. तुझे दिवस भरत आले असतील, तेव्हा मासे खारवायच्या पिंपांशी झोंबाझोंबी करू नकोस. नवऱ्याला दोन हात दिलेत ना देवाने?

आपला म्हातारा गडी इलुगी ऐंशीचा झाला. डोळे गेले, पण जीभ शाबूत आहे. रविवारी देवळात जाणं जमलं नाही की बाबांच्या खुर्चीत बसून त्यांच्या पुस्तकातलं त्या-त्या रविवारचं प्रवचन मीच वाचते. धाकटा गडी स्वेन वाचायला लागला की गोठ्यातल्या गाईसुद्धा झोपतात. तर परवा इलुगी सगळ्यांसमोर म्हणाला, की मालकांच्या पुस्तकात त्रैक्याच्या सणानंतरचा सहावा रविवार होता, आता उंदरांनी खाल्ला का? गेली सात वर्षं त्या दिवशी मी पाचव्याचंच प्रवचन पुन्हा वाचते, हे त्याने मोजून ठेवलंय. मरायच्या आत एकदा सहावा ऐकायचाय म्हणे. मी त्याला चांगलाच झापला. आंधळ्याने कान कमी चालवावेत, असं मी म्हणाले.

पाळक येऊन विचारून गेले, गुरुवारी प्रभुभोजनाला येणार ना? त्याच्याआधी घरातल्या एकेकाची माफी मागत फिरायचं, तेव्हा कुठे वेदीजवळ जायचं. मी म्हटलं, मला खोकला आहे. ते म्हणाले, हा खोकला बरा दर ईस्टरला येतो.

असो. पोरांना पापे. लोभ ठेव, मीही ठेवते आहे.
तुझी ताई, थोर्दिस

*

सांडविक, १८ मे १९०५

ती. ताईस,
हाल्लाचा शि. सा. सलाम, वि. वि.

मुलगा झाला. आज बारा दिवसांचा. नाक आपल्या घराचं आहे, त्याचं त्यालाच लखलाभ. पिंपांशी झोंबून झाल्यावर संध्याकाळी झाला, म्हणजे तुझा उपदेश दोन तासांनी चुकला.

तुझं पत्र वाचून हसले. मग हसू थांबलं. बाबांचं पुस्तक मला मिळालं नाही, आमच्याकडे नवीन पाळकाचं आहे. पण पुस्तकं कितीही बदलली तरी त्या रविवारचा शास्त्रपाठ तोच. मी काढून पाहिला. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच टाक, आधी जाऊन समेट कर. बाबा गेले तो हाच रविवार ना? तू तेव्हा लिहिलं होतंस, की पहाटे झोपेतच गेले, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. मग त्या प्रवचनाने तुझं काय घोडं मारलंय?

आठ वर्षं तोंडाशी येऊन राहिलेलं आज विचारते. मी या कोळ्याशी लग्न केलं आणि बाबांनी पाच वर्षं माझं नाव टाकलं. शेवटच्या दिवसांत तरी त्यांनी ते घेतलं का? तिसरा मुलगा झाला, पण त्यांचं नाव एकालाही ठेवलं नाही. ज्याने मला माफ केलं नाही त्याचं नाव कोणत्या तोंडाने घरात हाकारू? पण या पोराचं नाक पाहिलं की हाल्दोर असंच तोंडात येतं. नवरा म्हणतो ठेव. इथले पाळक बाप्तिस्म्यासाठी घाई करतायत. मी त्यांना सांगितलंय, माझ्या ताईचं पत्र येऊ दे.

हो की नाही एवढंच लिही. गोड करून लिहू नकोस, ते तुला जमतही नाही.
तुझ्या लोभातली,
हाल्ला

*

स्कार्ड, पन्नासाव्या दिवसाच्या सणाचा सोमवार
१२ जून १९०५

हाल्ला,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला. आधी वाच, मग तुला हवा असेल तर तूच घे.

बाबांनी तुझं नाव घेतलं. एकदा नाही, चार दिवस घेतलं.

त्या वर्षी नऊ दिवस पाऊस होता. कापलेलं गवत शेतात काळं पडत होतं. बुधवारी ऊन पडलं, आणि त्याच सकाळी बाबा छातीच्या दुखण्यातून जरा सावध झाले. मला म्हणाले, इलुगीला घोडा देऊन पठारापलीकडे पाठव, हाल्लाला घेऊन ये म्हणावं, माझं चुकलं म्हणून सांग. मग येत्या रविवारचं प्रवचन काढून वाचायला लावलं. म्हणाले, हे बावीस वर्षं मी दुसऱ्यांना वाचून दाखवलं, आज तू मला वाच. मी वाचलं. माझं लक्ष खिडकीबाहेर होतं.

घोडा आणि गडी जाऊन-येऊन तीन दिवस, तेही उन्हाचे. मी बाबांना सांगितलं, इलुगी निघाला. आणि इलुगीला खालच्या कुरणात गवत उलटायला धाडलं. झोपायलाही तिथल्याच तंबूत ठेवला, म्हणजे बाबांच्या कानी त्याचा खोकला पडू नये.

गुरुवारी ते वाटेकडे कान लावून होते. शुक्रवारी घोड्याच्या टापा ऐकू आल्या म्हणाले, तो शेजारचा होता. शनिवारी संध्याकाळी म्हणाले, नाही येत ती, माझीच पोर आहे, वाकायची नाही. रविवारी सकाळी गेले. झोपेत नाही. जागे होते.

म्हणजे तुला वाटत राहिलं की त्यांनी माफ केलं नाही, आणि ते गेले ते तू माफ केलं नाहीस असं समजून. दोघांच्या मध्ये मी उभी होते, हातात दाताळं घेऊन.

गवताचं मी निमित्त सांगते, असंही कधी वाटतं. पाच वर्षं त्यांचं उठवणं-बसवणं मी केलं, आणि शेवटी हाक तुला. ते मला सोसलं नाही. गवत मात्र छान वाळलं. तसं पुन्हा कधी झालं नाही. गाईंनी ते वर्षभर खाल्लं, त्यांचं दूध आम्ही प्यालो, मला ते प्रत्येक घोटाला कळत होतं.

म्हणून मी तो रविवार वाचत नाही. म्हणून मला ईस्टरला खोकला येतो.

उत्तर दे असं म्हणायचा हक्क मला नाही. नाव मात्र ठेव.
थोर्दिस

*

सांडविक, १० जुलै १९०५

थोर्दिसताई,

तुझं पत्र चुलीत टाकलं होतं. कोपरा जळल्यावर काढलं. त्यात माझं चुकलं हे बाबांचे शब्द होते ना, ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाहीत.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. मला तसं वाटत नाही, आणि खोटं बोलायचं काम आपल्या दोघींत एकीने केलंय तेवढं पुरे. तीन आठवडे मी तुला मनातल्या मनात जे-जे म्हणाले ते कागदावर मावणार नाही. नवरा म्हणाला, एवढ्या जोरात मासे कापशील तर फळी तुटेल.

पाळकांनी दुसऱ्यांदा विचारलं. पोर अजून बिननावाचं आहे. म्हणून सांगते ते ऐक. सहावा रविवार यंदा तीस जुलैला येतो. इलुगीला ज्या घोड्यावर बसवायचा होता तो घोडा मला आणि पोराला न्यायला पाठव. तो मेला असेल तर त्याच्या गोठ्यातला दुसरा. इकडे घोडे आहेत, मला शेजाऱ्याकडे मागताही येईल. पण मला तू तेव्हा न पाठवलेलाच हवा. पाऊस असेल तर पाठवू नकोस. ऊन असेल तरच पाठव.

हाल्ला

*

स्कार्ड, गुरुवार, २७ जुलै १९०५

चि. हाल्ला हिस,
आशीर्वाद लिहितेच आहे, परत पाठवायचा तर पाठव.

अकरा दिवसांच्या पावसानंतर काल ऊन पडलं. सगळं गवत आडवं पडून आहे. हे पत्र आणणारा माणूस आपला स्वेन आहे. घरात गवत उलटणारा मी सोडून तो एकटाच, म्हणून त्यालाच पाठवलं. सोबत दोन घोडे. तो जुना तांबडा तीन वर्षांपूर्वी गेला, ही घोडी त्याचीच पोर. अंगावर बाबांचं खोगीर घातलंय. दुसरा सामानाला.

स्वेन म्हणाला, दोन दिवस थांबू, गवत आत घेऊन मग निघतो. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता नीघ. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ताप आलाय का!

पुस्तकात ती पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती. काल सुरीने सोडवली. आज घरात एकेकाची माफी मागत फिरले. मोलकरणीची मागितली, तर ती बिचारी घाबरून रडायलाच लागली. इलुगीला त्या चार दिवसांचं सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, त्या शनिवारी कुरणातून घराकडे पाहिलं होतं, मालकांनी बोलावलं नाही म्हणून वाईट वाटलं होतं. आणि म्हणाला, माझी माफी नंतर माग, आधी मोठ्याने वाच, मला हल्ली कमी ऐकू येतं. खोटं बोलतो. त्याला सगळं ऐकू येतं.

पाळकांना सांगून ठेवलंय, बाप्तिस्म्याचं पाणी तयार ठेवा, नाव अजून ठरलेलं नाही.

ये असं मी लिहीत नाही. घोडा दारात येईल, बसायचं की नाही ते तुझं. घोडी रिकामी आली तरी रविवारी मी सहावाच वाचणार. पण शनिवार दुपारपासून इलुगीला आणि मला बाहेर भिंतीपाशी बसायचंय. कान त्याचे चांगले, डोळे माझे. गवत काळं पडू दे.

थोर्दिस