खालचे दातही

आईला साष्टांग नमस्कार, आणि लगेच थोडी फुशारकी.

बाबांना सांग, मी जिंकले. पगार झाला की पैसे पाठवून मोकळी हो, असा त्यांचा धोशा होता. पण इथे महागाई भडकली आणि इथलं चलन आपल्याकडच्या पैशापुढे ढेपाळलं. आणखी पडेल या धास्तीने लॉन्ड्रीतल्या सगळ्याजणींनी घाईघाईने पैसे घरी पाठवले. मी एकटीच अडून बसले.

महागाई आवरायला इथली रिझर्व्ह बँक व्याज वाढवणार, असं मला वाटत होतं. जास्त व्याज दिसलं की बाहेरचे लोक इथे पैसा ठेवायला धावतात. त्यासाठी त्यांना इथलंच चलन विकत घ्यावं लागतं, मग त्याचा भाव चढतो. इस्त्री करता करता मी हे बोलले, तर मुकादमबाई म्हणाल्या, "तू चादरी बघ."

काल व्याज वाढलं आणि भाव खरंच चढला. आज त्याच बाई हळूच विचारत होत्या, "आता पाठवू की थांबू?"

मी मात्र सगळे पाठवून टाकले. उद्या भाव कुठे जाईल, ते मलाही कळत नाही.

अंडी महागलीत, पण मला ती तशीही उष्णच पडायची. बाबांचा खोकला गेला ना?

तुझे वरचे दात ठरलेच होते, आता या जादा मिळालेल्या पैशांत खालचेही बसव. दात गेल्यापासून तू तोंडावर हात धरून हसतेस. पुढच्या फोटोत तो हात दिसला, तर पुढचा पगार अडवून ठेवीन.

तुझी हट्टी लेक