आडवा शब्द सातवा

मंगळवार, दुपारी तीन

अहो,

मामंजींना घेऊन मोठ्या इस्पितळात जाते आहे. शेजारच्या अनसूयाअक्का सोबत येताहेत. फॅक्टरीतून आल्यावर चहासाठी थांबू नका, तसेच निघा. शेगडी विझवली की नाही ते आठवत नाही, तेवढी बघा.

जेवणं झाल्यावर मामंजी पुण्याहून आलेल्या साप्ताहिकातलं शब्दकोडं घेऊन बसले. या खेपेला सगळे शब्द शरीराचे होते. 'हृदयातून रक्त नेणारी, तीन अक्षरी' वाचताच त्यांनी 'धमनी' लिहिलं. मग सातवा आडवा, 'मेंदूचा निरोप पोचवणारा, चार अक्षरी'. तिथे ते थांबले आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला 'मज्जातंतू' येत होतं. पण आपल्याकडे उत्तर सांगायचं नाही. गेल्या आठवड्यात मी पहिलं अक्षर सांगितलं तर ते जेवले नाहीत, आणि तुम्ही मलाच बोललात. म्हणून मी खाली मान घालून तांदूळ निवडत बसले. चांगला अर्धा तास. पेन पडलं तेव्हा वर पाहिलं, तर तोंड वाकडं झालेलं आणि उजवा हात लुळा.

डॉक्टर विचारतील, केव्हापासून? अर्धा तास मी खराच सांगणार आहे. तुम्ही मध्ये बोलू नका.

अक्का दारातून हाका मारताहेत, जटका आलाय, घोडा उभा राहत नाही.

उत्तर मी त्यांच्या कानाशी दोनदा सांगितलं. ते रागावले नाहीत हो.

प्रमोदिनी